तीनपैकी सगळ्यांत कमी

माझ्या बीपीच्या वहीत एकही आकडा मनाने लिहिलेला नाही. यंत्राच्या पडद्यावर दिसला तोच लिहिला. मोजायचं मात्र तीनदा, आणि त्यातला सगळ्यांत कमी असेल तो वहीत उतरवायचा. १५८, १५२, १४४ असे आले की वहीत १४४. तिन्ही दीडशेच्या वर गेले, तर पट्टा नीट बसला नव्हता असं ठरवून चहा पिऊन पुन्हा बसायचं. महिन्याच्या शेवटी ती वही डॉक्टरांपुढे सरकवताना मला कधी ओशाळल्यासारखं झालं नाही. उलट ‘काय व्यवस्थित नोंद ठेवता हो’ असं त्यांनी म्हणावं म्हणून मी प्रत्येक पानावर पट्टीने रकाने आखत असे.

हा उद्योग करणारा माणूस पोटासाठी काय करत होता, ते ऐकलंत तर हसाल. मी तपासनीस. आधी अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत आणि मग बदलीवर बंगालमध्ये, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. ही फॅक्टरी १९०४ सालची. घर बराकपूरला घेतलं. लोकलने मधलं पलता गेलं की ईशापूर. दिवसभर हातात गेज. ‘गो’ बाजू आत गेलीच पाहिजे, ‘नो-गो’ बाजू जाता कामा नये, आणि केसभर इकडेतिकडे असेल तर माल परत. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेलं गेज कुणी टेबलावर ठेवलेलं दिसलं की माझा आवाज चढायचा. मोजमापात दयामाया नाही, हे मी नव्या पोरांना शिकवत होतो, आणि घरी येऊन तीनातला लहान आकडा वेचत होतो.

त्यात भर म्हणजे थोडं वाचन केलं होतं. बीपी मोजायच्या यंत्राचा पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर दाब खरा असेल त्यापेक्षा जास्त दिसतो. हे खरं आहे. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाला बऱ्यापैकी वेढा घालेल, निदान ऐंशी टक्के तरी, एवढी हवी. माझा दंड जाड, म्हणजे पट्टा लहान पडत असणार, म्हणजे दहा वजा करायला हरकत नाही, असा हिशोब मी मनातल्या मनात केला. मोठा पट्टा बाजारात मिळत होता. तो आणला नाही. आणला असता तर वजाबाकी करता आली नसती.

मोजण्याची रीत तशी साधी आहे. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवलेला. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. मिनिटभराच्या अंतराने दोन-तीन वेळा मोजून सरासरी लिहायची. चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा दाब ११५ च्या पुढे दर २० ने चढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. लाखो लोकांच्या नोंदी एकत्र करून काढलेला हा हिशोब २००२ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे मी रोज वहीबाहेर टाकत होतो तो काही किरकोळ फरक नव्हता. डॉक्टरांनी वहीवर विश्वास ठेवला, गोळी वाढवली नाही. त्यांनी दुसरं काय करायचं होतं?

बराकपूरला राहणाऱ्याला चालायला जागांची वाण नाही. पहाटे मी नदीकाठी गांधी घाटाच्या बाजूला जायचो. समोर हुगळी, पलीकडे श्रीरामपूर, धोबी घाटावरून सुटणारी पहिली नाव. चाळीस-पन्नास मिनिटं चालणं व्हायचं आणि ते चालणं कचोरीच्या दुकानापाशी संपायचं. आमच्या टोळक्यातले सगळेच पेन्शनर किंवा पेन्शनला टेकलेले, आणि चालून आल्यावर दोन कचोऱ्या आणि बटाट्याची रस्सेदार भाजी हा आपला हक्क आहे यावर एकमत. वर लेडीकेनी. या गावी राहून लेडीकेनीला नाही म्हणणं म्हणजे इतिहासाचा अपमान, हा माझा विनोद ठरलेला. गव्हर्नर जनरल कॅनिंगची बायको शार्लट १८६१ साली वारली, तिला बराकपूरच्या लाटसाहेबाच्या बागेत पुरलं, आणि तिच्या नावाचा हा छेन्याचा, तळून पाकात सोडलेला तांबूस गोळा बंगालभर पसरला. दाताखाली आधी वरचं किंचित चिवट आवरण, मग आतला रवाळ भाग, आणि मधोमध कधीकधी वेलदोड्याचा दाणा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असं डॉक्टर सांगून चुकले होते, तरी चाळीस मिनिटांच्या चालण्याने हे सगळं जिरतं असं मला वाटायचं. जिरत नाही. त्या चालण्यात दोनशे कॅलरी गेल्या असल्या तर खूप झाल्या.

घरी वेगळं नाटक. हिने भाजी-आमटीतलं मीठ खरंच कमी केलं. मी तक्रार केली नाही, कारण ताटाच्या डावीकडे मीठ वाढायची आपली पद्धत आहे आणि ती मोडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. चिमूट-चिमूट करत ते सगळं संपायचं. शिवाय लिंबाचं लोणचं, पापड आणि संध्याकाळी मुरमुऱ्यांबरोबर चनाचूर. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझं लोणच्या-पापडातच तेवढं होत असावं. आणि दोष कुणाला? मोहरीच्या तेलाला. ‘इथलं तेल सोसत नाही मला’ हे मी वाईच्या नातेवाइकांना फोनवर वर्षानुवर्षं ऐकवलं. मोहरीचं तेल बिचारं इतर बियांच्या तेलाइतकंच बरंवाईट. कढईत किती ओततो आणि तेच कितीदा तापवतो, प्रश्न त्याचा.

सिगारेट मात्र मी सोडली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. तिच्या जागी तळहातावर चुना-तंबाखू आली, तिला मी व्यसनात धरतच नव्हतो. धूर नाही, म्हणजे फुप्फुसाला त्रास नाही, म्हणजे हृदयालाही नाही. डॉक्टरांनी ‘स्मोकिंग?’ विचारलं की मी ताठ मानेने ‘नाही’ म्हणायचो. त्यांनी ‘तंबाखू?’ असं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बावन्न देशांतल्या रोग्यांचा अभ्यास करणाऱ्या इंटरहार्ट पाहणीत नुसती चघळायची तंबाखू खाणाऱ्यांतही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला होता. हे मला फार उशिरा कळलं, पण आधी कळलं असतं तर सोडली असती, अशी खात्री मी देत नाही.

आता पायाचं. याच्यावर मला जरा थांबायचं आहे, कारण पायाने वर्षभर आधी सांगितलं होतं.

घाटाच्या बाजूला चालताना उजवी पोटरी भरून यायची. ठरावीक अंतरावर. स्टेट बँकेच्या पाटीपासून निघालो की पुढच्या वळणाच्या आसपास पोटरीत आवळल्यासारखं व्हायचं; दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की जायचं; पुन्हा निघालो की तेवढ्याच अंतरावर पुन्हा. चढण असली की आणखी लवकर. आमच्या टोळक्यात या दुखण्याचे तज्ज्ञ होते. एक म्हणाले मणका, एक म्हणाले कॅल्शियम, एकांनी नी-कॅप आणून दिली. मी मणका पसंत केला. मणक्याचं दुखणं सभ्य असतं, ऑफिसात बसून बसून होतं, त्यात आपली काही चूक नसते. एक्स-रे काढला, त्यात पन्नाशीतल्या कुणाच्याही मणक्यात दिसेल ती झीज दिसली, आणि माझं निदान पक्कं झालं. शेक, पट्टा, मलम.

मणक्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहून भागत नाही. बहुधा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं तेव्हा आराम पडतो. चालल्यावर ठरावीक अंतराने पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिल्यावर सुटते, तेव्हा पायाच्या धमनीकडे बघावं. काम करणाऱ्या स्नायूला रक्त पुरत नसतं. तपासायला फार लागत नाही. घोट्यापाशी दाब मोजायचा, दंडात मोजायचा, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. उत्तर ०.९ किंवा खाली आलं तर पायातली वाट अरुंद झाली आहे. माझं पुढे ०.७४ निघालं. आणि ज्याच्या पायाच्या धमन्या खराब, त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्या शाबूत असतील अशी आशा करू नये. सगळीकडे तोच रोग, तीच कारणं.

शिवाय दुखतंय म्हणून मी चालणं कमी केलं. तेही चुकलं. या दुखण्यावर चालणं हाच मोठा इलाज आहे. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. काही आठवड्यांत अंतर वाढतं. मी रिक्षाने, म्हणजे इथल्या टोटोने, कचोरीपर्यंत जायला लागलो.

एवढ्यात फॅक्टरीची वार्षिक तपासणी आली आणि मी स्ट्रेस टेस्ट करून घेतली. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धापा टाकत चाललो. पोटरी बोंबलली, पण वेळ पूर्ण केली. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. तो मी लॅमिनेट करायचा बाकी ठेवला एवढंच. खात्यात दाखवला, हिला दाखवला, वाईला फोन केला.

इथे माझ्या धंद्याने मला दगा दिला. मी जन्मभर बंदुकीच्या नळ्या तपासल्या. नळीचा बोअर मोकळा असला की नळी चांगली. धमनीही तशीच, आतून चरबीचा थर जमत जातो, वाट अरुंद होत जाते, पुरती बुजली की झटका, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. रोग तसा नसतो. चरबी साठते ती धमनीच्या भिंतीच्या आत. वर पातळ आवरण असतं. भिंत बाहेरच्या अंगाला फुगून कित्येक वर्षं वाट मोकळी ठेवते. मग एक दिवस ते आवरण फाटतं, आतला ऐवज रक्ताला लागतो, रक्ताला वाटतं इथे जखम झाली, आणि काही मिनिटांत त्यावर गुठळी धरते. पुष्कळ झटके अशा ठिकाणी येतात जिथे वाट निम्मीसुद्धा बंद नव्हती. स्ट्रेस टेस्ट सांगते ती आज वाट किती मोकळी आहे एवढंच. भिंतीत काय शिजतंय ते तिला दिसत नाही. पोलादाच्या नळीला भिंतीचा रोग होत नाही, म्हणून मला ते सुचलं नाही. पण नमुना तपासणीत पास झालेल्या लॉटमध्येही खराब नग निघतो, हे तर मी दुसऱ्यांना शिकवत होतो!

त्या तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना होता: आईवडील किंवा भावंडांत कुणाला हृदयविकार. मी ‘नाही’ लिहिलं. माझे वडील वाईला बावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. पुण्यवान माणूस, त्रास न होता गेला, असं गाव म्हणालं, आणि आमच्या घरात त्या मरणाला त्यापुढे कुणी काही म्हटलं नाही. शवचिकित्सा झाली नाही, निदान नाही, मग फॉर्मवर ‘होय’ कसं लिहायचं? अक्षरशः बघितलं तर माझं उत्तर बरोबर होतं. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत गेला असेल तर तो धोक्याचा मोठा खुणेचा दगड मानतात. बावन्न वर्षांचा, दिवसाला दोन बंडलं बिड्या ओढणारा माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी उठत नाही, यातून काय समजायचं ते मला न समजण्याइतका मी भाबडा नव्हतो.

जानेवारीत एका सहकाऱ्याच्या मुलाचा बौभात, म्हणजे लग्नानंतरची मेजवानी, होती. लुची, मटण, चटणी, पापड, नव्या गुळाचा संदेश. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती पोटाच्या वरच्या बाजूला, बरगड्या मिळतात तिथे, दाब आल्यामुळे. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं. कळ नाही, सुई टोचल्यासारखं नाही, सिनेमातल्यासारखं छाती धरून पडणं तर नाहीच. ओवा आणि पादेलोण चावून खाल्लं. आमच्याकडे सगळं पित्तावर जातं, इथे सगळं गॅस-अंबलवर. बारा वर्षं बंगालमध्ये राहून मी दोन्ही शास्त्रांत पारंगत झालो होतो. अँटासिडची बाटली तोंडाला लावली. उलटी झाली. जरा हलकं वाटलं, म्हणजे निदान बरोबर!

ही उठली. दिवा लावून बघते तर माझा सदरा पाठीला चिकटलेला.

“अहो, एवढा घाम कसला? पंखा बंद आहे, थंडी पडलीय.”

“पित्त खवळलंय. तू झोप.”

“खालच्या दादांना हाक मारू का?”

“रात्री दोन वाजता? गॅससाठी? काय म्हणतील ते!”

हे वाक्य मला रोज आठवतं. जबडा दुखायला लागला तेव्हा मी दाढेवर लवंग धरली. डावा हात जड झाला तेव्हा कुशी बदलली. प्रत्येक दुखण्याला मी वेगळं कारण दिलं. नेमक्या त्या तासांत हृदयाच्या खालच्या भिंतीचा स्नायू मरत होता. रक्त बंद झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास तो मरायला सुरुवात होते आणि पुढचे काही तास मरतच राहतो. खालच्या भिंतीच्या झटक्यात दुखणं पोटात, मळमळ-उलटी, असं होणं नेहमीचं आहे. मधुमेही माणसात तर कधीकधी दुखतच नाही. बौभाताचं मटण खाल्लेलं असो वा नसो, पन्नाशीतला माणूस, वरच्या पोटात किंवा छातीत दाब आणि गार घाम, एवढं जुळलं तर ईसीजी. पित्त ठरवायला नंतर जन्म पडलाय.

आठला खालचे दादा वर्तमानपत्र द्यायला म्हणून वर आले. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता खाली जाऊन गाडी बोलावली. मी तशाही अवस्थेत हट्ट धरला की कोलकात्याला, बायपासकडच्या मोठ्या रुग्णालयातच न्या. आपल्याला काय ते एकदाच आणि चांगलं करून घेऊ. चिडियामोडपासून शामबाजारपर्यंत बीटी रोडवर सकाळच्या त्या वेळी बस, ऑटो, टोटो, तागाच्या गिरण्यांचे ट्रक. रात्री दोनला हाच रस्ता मोकळा पडलेला असतो. ती वेळ मी ओवा चावण्यात घालवली होती. दादांनी माझ्या देखत ड्रायव्हरला सांगितलं, जवळचं नर्सिंग होम, जिथे आत्ता ईसीजी निघतो आणि इंजेक्शन मिळतं ते. मी रागावलो. त्यांनी लक्ष दिलं नाही.

तिथल्या तरुण डॉक्टरने ईसीजीची पट्टी यंत्रातून बाहेर येत असतानाच वाचली. ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली, गिळायला नाही. चावल्याने लवकर लागू पडते. साध्या अ‍ॅस्पिरिनची किंमत काय असते ते १९८८ सालच्या आयसिस-२ या पाहणीने दाखवलं. सतरा हजारांवर रोगी होते; नुसत्या अ‍ॅस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले आणि जोडीला गुठळी विरघळवणारं औषध दिलं तेव्हा चाळीस टक्क्यांच्या वर. मलाही ते विरघळवणारं इंजेक्शन तिथेच दिलं. मी हिच्या पर्समधली, तिच्या आत्याची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायच्या बेतात होतो असं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, बरं झालं ठेवली नाहीत. तुमचा वरचा दाब नव्वद आहे, आणखी कोसळला असता. दुपारनंतर रुग्णवाहिकेने कोलकात्याला. दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी, उजव्या धमनीत एक स्टेंट. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत पहिल्यांदा २९,६०० रुपयांवर बांधली, त्याआधी लाखाच्या घरात असायची. त्यामुळे बिलात स्टेंट हाच सगळ्यांत सोसण्यासारखा आकडा होता.

टू-डी इकोत हृदयाचं पंपिंग ४२ टक्के आलं. पंचावन्नच्या वर असावं लागतं. उरलेलं कुठे गेलं, ते मला ठाऊक आहे: दोन ते आठ.

एवढं झाल्यावर माणूस सुधारतो, असा समज आहे. तंबाखू सुटली, हे खरं. डाव्या बाजूचं मीठ ताटातून गेलं. पण चार महिन्यांनी एलडीएल १४८ वरून ६२ वर आलं आणि मी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. रिपोर्टवर ठळक अक्षरांत काही नव्हतं, माल पास, मग गोळी कशाला? त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी यकृताबद्दल पाठवलेलं होतंच. आकडा गोळीमुळे उतरला होता, गोळी गेली की तो परत चढणार, हे शाळकरी पोरालाही कळावं. एलडीएल ३९ ने उतरवलं की झटक्यांचा धोका साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतो, आणि फायदा जितकी वर्षं उतरलेलं राहील तितका साठत जातो. पुढच्या तपासणीत १३९ आलं. डॉक्टरांनी लॅब बदलली का, असं विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. ही शेजारीच बसली होती. तिने पर्स उघडून गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

त्याच दिवसांत मी सर्पगंधेच्या नादाला लागलो. याला एक उज्ज्वल परंपरा आहे, आणि तीच मला नडली. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडावर उपयोग होतो असं लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग करून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले, आणि जगाला रक्तदाबावरचं एक खरंखुरं औषध मिळालं. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. कोलकाता आणि मुंबई, माझी दोन्ही गावं! मी एका जत्रेतून मुळीची पूड आणली आणि सकाळी अर्धा चमचा घ्यायला लागलो. हृदयाचे ठोके आवरणारी गोळी चालूच होती. वकिलांचं सगळं मोठेपण मात्रा ठरवण्यात होतं; माझ्या पुडीत काय आणि किती, देव जाणे. नाक चोंदलं, दिवसभर झोप, कशात मन लागेना, उगीच रडू यायचं. या मुळीने मन खचतं हेही जुनं माहीत असलेलं. एका संध्याकाळी बराकपूर स्टेशनच्या पुलावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायऱ्यांवर बसलो. नाडी ४४. तेव्हा कुठे डॉक्टरांना पुडीचं सांगितलं. ते ओरडले नाहीत. लिहून घेतलं, आणि यापुढे गोळ्यांबद्दलचे प्रश्न हिलाच विचारायला लागले.

शेवटची चूक अजून पुरती निस्तरलेली नाही. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याच्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. मी हिला बजावलं, त्याला सांगायचं नाही, गॅसचा त्रास झाला म्हणून दोन दिवस ठेवलं होतं एवढंच. घरात हृदयविकार आहे असं बाहेर फुटलं तर मुलीकडचे मागे सरतील. डॉक्टर प्रत्येक भेटीत विचारत, मुलाचं तपासलंत का. आणि मी ‘सांगितलंय’ म्हणत असे. दीड वर्षाने हिला राहवलं नाही. त्याने तपासलं तर एलडीएल १७१, आणि लायपोप्रोटीन-ए नावाचा जो घटक जन्मतःच आईबापांकडून येतो, पथ्याने फारसा हलत नाही आणि आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो, तो असावा त्याच्या दुपटीहून जास्त. माझाही तसाच निघाला. वडिलांचा असणारच.

त्या रात्री फोनवर तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, “बाबा, कंपनीच्या मेडिकल फॉर्मवर मी फॅमिली हिस्टरीत ‘नाही’ लिहिलंय.”

आता तो गोळी घेतो. सिगारेट सोडली म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही आणि तसं सांगतोही, त्यावरून दर रविवारी आमचं वाजतं. लग्न ठरायच्या वेळी त्यानेच हट्ट धरला की सगळं आधी सांगायचं. साताऱ्याला मुलीच्या घरी बैठकीत मी कसाबसा विषय काढला. माझा झटका, स्टेंट, वडिलांचं जाणं, मुलाचे आकडे. मुलीचे वडील बराच वेळ बायकोकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुमचा उजव्या बाजूला का? माझे दोन आहेत, दोन्ही डावीकडे. आम्ही बोलणार नव्हतो.”

त्यांच्या मुलीची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.